डावीकडचा बाण

कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही उजवीकडून डावीकडे लिहिताय. अम्मान शहरात सगळे अरबी तशीच लिहितात. ओळीत आकडा आला, की तेवढा मात्र डावीकडून उजवीकडे. आता डावीकडच्या बाणाची कळ दाबली, तर संगणकावरची ती लुकलुकणारी रेघ आकड्यात कुठल्या टोकाने शिरेल?

खौलाला असा प्रश्न कधी पडलाच नव्हता. दवाखान्यात औषधांच्या चिठ्ठ्या टाइप करता करता तिच्या बोटांना सगळं पाठ झालं होतं. आकड्याआधी थांबून बाण एकदा दाबला, की रेघ पहिल्या अंकापलीकडे जाऊन उभी राहायची. वाचताना नजर जाते, तशी.

त्या सकाळी संगणक बघणाऱ्या रम्झीने टाइप करायचा नवा प्रोग्रॅम बसवला. "आता बाण दाखवेल तिकडेच रेघ जाणार, उम्म जूद. गाढवालाही जमेल!"

"मग तूच बस की इथे," खौला म्हणाली. उम्म जूद म्हणजे जूदची आई; शेजारी गृहपाठ करत बसलेली ती लेक जूद खुदकन हसली.

दुपारी हाजी नायफ खिडकीशी आले. नातवाला झटके येत होते. बाटली हातात होती, फक्त किती पाजायचं ती चिठ्ठी हवी होती. "आटप गं पोरी, औषधाची वेळ झालीय."

घाईत खौलाने १२५ टाइप केलं. एकनंतरचं टिंब राहिलं. सवयीने ती आकड्याआधी आली, बाण एकदा दाबला, टिंब दिलं. डॉक्टरांनी चालता चालता सही केली. हाजी गेले.

पुढच्या चिठ्ठीत तसंच टिंब देताना तिची नजर पडद्यावर गेली. रेघ उलट्या टोकाने शिरली होती. शेवटच्या अंकाकडून.

हातातली चिठ्ठी तिने तशीच सोडली. हाजींची चिठ्ठी तिने पुन्हा उघडली. १.२५ मिलिलिटर हवं होतं. तिथे १२.५ होतं.

"आई, काय झालं?"

"दहापट... बाळाला दहापट लिहिलंय मी!"

दोघी बाहेर धावल्या. दवाखान्यापासून बाजारापर्यंत दगडी पायऱ्या उतरत जातात. खूप खाली, सावलीत, हाजी बसले होते. शेजारी सून, तिच्या मांडीवर बाळ. हाजी सुई नसलेल्या पिचकारीत औषध ओढून घेत होते.

"हाजी! थांबा!" खौला ओरडली, पण आवाज तिथवर पोचेना. पायरीवर पाय मुरगळला आणि ती कठड्याला धरून तिथेच बसली. जूद पुढे धावली.

"एवढीशी ही पिचकारी," हाजी सुनेला सांगत होते, "अजून दोनदा भरावी लागेल." त्यांनी ती बाळाच्या ओठांशी नेली.

जूदने धापा टाकत बाळाच्या तोंडावर तळवा ठेवला. औषध तिच्या बोटांवर सांडलं.

"अगं ए, कुणाची पोर तू? हात काढ!"

 जूदने धापा टाकतच नकारार्थी मान हलवली. बाळ तिच्या तळव्याला लुचू लागलं. औषध गोड होतं. तेव्हा तिने मूठ घट्ट मिटून पाठीमागे लपवली, आणि दुसरा हात बाळाच्या तोंडावर ठेवला.