पाय गरम हायेत

मला कुणी मायेने उघडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी एक इंग्रजी-मराठी शब्दकोश, बांधणी सुटलेला, पाठीला गोणपाटाची पट्टी चिकटवलेला. समोरच्याचा संशय आला, की माणसाला माझी आठवण होते.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी करकरीत होतो. राहुरीच्या विद्यापीठातल्या एका साहेबांनी मला वापरलं आणि बदली झाल्यावर शिपाई रंभाजीला देऊन टाकलं. रंभाजीला अक्षरं जुळवण्यापुरतं इंग्रजी येई. मला तो कोनाड्यात जपून ठेवी. पण भरवसा माझ्यावरही नाही. एकच शब्द दोनदा बघायचा.

बहात्तर साली त्याच्या मुलीचं, भागिरथीचं लग्न जमत होतं. मुलगा कानिफनाथ, साखर कारखान्यात फिटर. रंभाजीने गुपचूप कारखान्यातल्या मद्रासी साहेबाकडे पत्राने चौकशी केली. उत्तर इंग्रजीत आलं. मुलगा कामसू, निर्व्यसनी. फक्त गेल्या वर्षी लग्नाआधी 'कोल्ड फीट'.

रंभाजीने मला मांडीवर घेतलं. कोल्ड म्हणजे थंड. फीट म्हणजे पाय. मी काही खोटं सांगितलं नाही, तरी त्याचा चेहरा उतरला.

"पायाला कायतरी रोग हाय," तो पुटपुटला. घरात मात्र अवाक्षर काढलं नाही.

रविवारी पाहुणे आले. दुष्काळात पाण्याचा थेंब थेंब जपायचा, तरी रंभाजी भरलेला तांब्या घेऊन आला आणि मुलाचे पाय स्वतःच धुवायला बसला.

"आवो, ऱ्हाऊ द्या की!" कानिफनाथ पाय मागे घेऊ लागला. रंभाजी सोडतोय कसला! बोटं, टाच, घोटा, सगळं चाचपलं. पाय उन्हाने चांगले तापलेले होते. तो हसतच आत आला.

"सुपारी काढा. पाय गरम हायेत."

"कुनाचं पाय?" भागिरथीने विचारलं. मग पत्राची सगळी गोष्ट बाहेर आली.

"आवो आबा, भ्यालं म्हंजी आपलं न्हाई का हातपाय गार पडत?"

रंभाजीने मला कोनाड्यातून काढून 'कोल्ड'चं पान पुन्हा उघडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी एवढी पानं, आणि उत्तर तिच्या तोंडी होतं.

ती तडक ओसरीवर गेली. "गेल्या साली लगीन का मोडलं तुमी?"

कानिफनाथने मान खाली घातली. "भ्या वाटलं. हळदीच्या दिशी निघून गेलो."

"आन औंदा?"

"अजूनबी वाटतंय. घरच्यांनी आनलं म्हनून आलो."

"खरं बोललात, लई बरं केलंत," भागिरथी म्हणाली. सुपारी ताटातच राहिली.

दोन वर्षांनी तिचं दुसऱ्या मुलाशी लग्न झालं. नवऱ्याला तिने सगळं आधीच तोंडावर विचारून घेतलं. सासरी जाताना ट्रंकेत लुगड्यांखाली मला ठेवलं. आता इथेच आहे. कडा उंदरांनी कुरतडल्यात. मला उघडा, जरूर उघडा. पण 'कोल्ड'च्या पानावर तिने त्या रविवारीच पेन्सिलीने लिहून ठेवलंय, तेवढं आधी वाचा:

"आबा, पाय चाचपू नका. माणसाला विचारा."