साबणदाणीची बोलती बंद झाली तेव्हा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस मला हातात घेतो, उलटा करून बघतो आणि विचारतो, हे नेमकं काय आहे? म्हणून आधी ओळख करून देतो. मी एक जुना स्ट्रीमिंगचा डबा आहे. इंटरनेटवरून मालिका, सिनेमे, नाटकं, कीर्तनं ओढून आणायची आणि टीव्हीच्या हवाली करायची, हे माझं काम. रंगानं काळा, अंगानं चपटा आणि तळहाताएवढा. आमच्या घरच्या ठकूबाई मला पहिल्या दिवसापासून साबणदाणी म्हणतात. सुरुवातीला मला त्याचा फार राग यायचा. आता येत नाही. तो का गेला, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखीच दिसणारी हजारो भावंडं सरकत्या पट्ट्यावरून पुढं जात होती. कुणीतरी माझ्या पोटात बारीक बारीक भाग बसवले, झाकण लावलं आणि एकदा दिवा लावून पाहिला. दिवा लागला, म्हणजे मी पास. मग खोक्यात झोपून प्रवास करत करत मी छत्तीसगडमधल्या भिलाईच्या सिविक सेंटरमधल्या एका दुकानात आलो. तिथला दुकानदार माझी इतकी तारीफ करायचा की माझ्या डोक्यात हवा गेली. जगातली सगळी करमणूक याच्या पोटात आहे, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. माझ्या पोटात खरं तर काहीच नसतं. सगळं बाहेरून येतं आणि बाहेरची वायर तुटली की मी नुसता डबा उरतो. पण ही गोष्ट तो कधी सांगायचा नाही.

मला विकत घेतलं ठकूबाईंच्या मुलानं, परागनं. त्याला नागपूरला नोकरी लागली होती. मी निघून गेलो की आईला घर खायला उठेल, निदान तिला मराठी कार्यक्रम तरी बघू देत, असं त्याच्या मनात होतं. त्यानं मला पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या आपल्या क्वार्टरमध्ये आणलं, जुन्या टीव्हीच्या मागं चिकटपट्टीनं चिकटवलं आणि आईच्या हातात छोटासा रिमोट दिला. ठकूबाईंनी मला खालीवर पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्याशा साबणदाणीत काय मावते?" तेव्हापासून ते नाव मला चिकटलं.

या घराची रीत मला लवकरच कळली. ठकूबाईंचे यजमान बळीरामभाऊ त्याच पोलादाच्या प्लांटात, लोखंड लाटणाऱ्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवतात. त्यांची पाळी बदलत राहते. रात्रपाळी असली की ते सकाळी घरी येतात, खातात आणि पडदा ओढून झोपतात. मग घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही, मिक्सर लावायचा नाही. दूधवाला आला तरी त्याला खुणेनंच गप्प करायचं. रात्रभर डोक्यावरून तापलेलं लोखंड नेणाऱ्या माणसाची झोप मोडली, तर दुसऱ्या रात्री त्याचा हात चुकेल आणि खाली माणसं उभी असतात. प्लांटातल्या प्रत्येक घराला हे ठाऊक असतं. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा या घराचा सगळ्यांत कडक नियम होता. बळीरामभाऊ जागे झाले की उशाशी ठेवलेला स्टीलचा पेला पलंगाच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवायचे. टण, टण. तो ऐकला की घराचा आवाज सुटायचा आणि चहाचं आधण चढायचं.

आता तुम्ही विचाराल, मग टीव्हीचं काय? टीव्ही लागायचा, पण मुका. मी एवढ्या लांबून संवाद आणायचे, पार्श्वसंगीत आणायचं आणि ठकूबाई बटण दाबून सगळ्याचा आवाज बंद करायच्या. मग पडद्यावर तोंडं हलायची आणि त्या चंदाच्या कानाशी लागून स्वतःच संवाद म्हणायच्या. चंदा त्यांची धाकटी मुलगी, तेव्हा नुकतीच कॉलेजात जाऊ लागलेली. पडद्यावरची सासू डोळे वटारायची आणि ठकूबाई कुजबुजायच्या, "ते म्हणते, मी घर सोडून चालली. हा म्हणते, जा, पण आधी कुकर उतरवून जा." चंदा ओढणी तोंडात कोंबून हसायची. मूळ गोष्ट कुठल्या कुठं राहायची. श्रीमंत बंगल्यातली माणसं भाजीच्या भावावरून भांडायची आणि मोठमोठे खलनायक जवळच्या उतई गावाच्या बसमध्ये जागा मिळाली नाही म्हणून चिडायचे. बाहेर सगळीकडे हिंदी बोलणारी चंदा त्या कुजबुजीत मात्र आईसारखीच मराठी बोलायची. मला तेव्हा हा सगळा माझा अपमान वाटायचा. मी अस्सल माल आणतो आणि ही बाई त्यावर आपलाच मसाला टाकते, असं मी मनात म्हणायचो.

माझे गुणही होते, मित्रांनो, ते सांगितलेच पाहिजेत. टीव्हीवर पूर्वी जे लागेल ते बघावं लागायचं. माझ्यामुळं मनात येईल ते बघता येऊ लागलं. दाराशी कुणी आलं तर गोष्ट थांबवता यायची. विदर्भातल्या गावाकडच्या बोलीतली नाटकं ठकूबाईंना इतक्या वर्षांनी घरबसल्या दिसली आणि त्यांनी डोळे पुसत पुसत पाहिली. शेजारच्या बायका दुपारी यायच्या आणि माझं कौतुक करून जायच्या.

पण खोडीही कमी नव्हत्या. एक भाग संपला की मी न विचारता दुसरा सुरू करायचो. त्या नादात भाजी करपायची. कधी पासवर्ड विसरून बसायचो आणि नागपूरला फोन लावावा लागायचा. नेट मंदावलं की पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहायचं. ते चक्र दिसलं की ठकूबाई माझ्या डोक्यावर टिचकी मारायच्या. टिचकीनं नेट येत नाही, पण त्यांचं समाधान व्हायचं.

मग एका दिवाळीला पराग घरी आला आणि त्यानं आईसाठी बिनवायरचे हेडफोन आणले. ते थेट माझ्याशी जोडले गेले. आता बाबा झोपले तरी पूर्ण आवाजात बघता येईल, असं तो म्हणाला. मला तर आभाळ ठेंगणं झालं. शेवटी माझा खरा आवाज या घरात कुणीतरी ऐकणार होतं. ठकूबाईंनी ते कानाला लावले आणि पहिल्यांदा मालिकेतली माणसं खरोखर काय बोलतात ते त्यांना कळलं. चंदाही आपल्या कानात इअरफोनची बोंडं घालून मोबाइलवर आपलं काहीतरी बघू लागली. कुजबुज बंद झाली. एका खोलीत मायलेकी दोन टोकांना बसायच्या आणि घर इतकं शांत असायचं की बळीरामभाऊंची झोप आता कशानंच मोडणार नाही, असं सगळ्यांना वाटलं.

त्या हिवाळ्यात बळीरामभाऊंना शुगर निघाली होती. डॉक्टरांनी गोळी दिली होती आणि गोळी घेतली की लगेच खायचं, हे बजावून सांगितलं होतं. त्या दिवशी सकाळी ते उशिरा घरी आले. क्रेनवर पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय उतरता येत नाही आणि तो माणूस वेळेवर आला नव्हता. भाऊ थकून गेले होते. आल्या आल्या त्यांनी गोळी घेतली. ठकूबाईंनी पोह्यांची ताटली झाकून उशाशी ठेवली. हातपाय धुतो अन् खातो, असं ते म्हणाले आणि जरा पाठ टेकली. ताटली तशीच राहिली आणि ते झोपले. ठकूबाईंना वाटलं, खाऊन झोपले असतील. त्यांनी पडदा ओढला. पडद्यापलीकडं डोकावायचं नाही, हा तर नियमच होता.

दुपार झाली. ठकूबाई हेडफोन लावून माझ्यासमोर बसल्या होत्या. चंदा ओट्यापाशी मोबाइल घेऊन उभी होती. मी टीव्हीच्या मागं होतो आणि आतली खोली माझ्या बाजूलाच होती. पडद्याआडून पेला वाजला. पण नेहमीसारखा नाही. एकदा हलकासा वाजला, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा नुसता घासल्यासारखा. मित्रांनो, ते चहाचं बोलावणं नव्हतं. तो माणूस मदत मागत होता. आणि ज्या दोघी त्याची झोप जिवापाड जपत होत्या, त्यांच्या कानात आम्हीच बसलो होतो. मला ओरडता येत नाही. माझा सगळा आवाज दुसऱ्याचा असतो. मी त्या वेळी ठकूबाईंच्या कानात एका लग्नाची सनई ओतत होतो आणि ती मला थांबवता येत नव्हती. तेवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

आणि तेवढ्यात सनई थांबली. बाहेर गल्लीत पाण्याची पाइपलाइन टाकायला खोदकाम चाललं होतं. त्यात आमची नेटची वायर तुटली. पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं. चंदाचा मोबाइलही अडकला. ठकूबाईंनी हेडफोन काढून मांडीवर टाकले आणि टिचकी मारायला उठत म्हणाल्या, "चंदे, पाह्य वं, साबणदाणीची बोलती बंद झाली."

त्याच वेळी आत पेला पलंगावरून पडला आणि फरशीवर घरंगळत गेला.

ठकूबाई पडदा सारून आत गेल्या. थंडीचे दिवस असून बळीरामभाऊंचं अंग घामानं भिजलं होतं, हात थरथरत होते आणि बोलणं तोंडातच विरत होतं. उशाशी पोह्यांची ताटली झाकलेलीच होती. ती पाहताच ठकूबाईंना समजलं, उपाशीपोटी घेतलेल्या गोळीनं साखर फार उतरली होती. त्यांनी चंदाला साखरेचं पाणी आणायला सांगितलं, भाऊंना टेकवून बसवलं आणि घोट घोट पाजलं. भाऊ शुद्धीत होते, पाणी गिळत होते. चंदा शेजारी धावली. शेजारचे विजयकुमार घरीच होते. त्यांनी गाडी काढली आणि सगळे दवाखान्यात गेले. दार उघडंच राहिलं होतं आणि मी रिकाम्या घरात चक्र फिरवत बसलो. मला पुढचं काहीच माहीत नव्हतं. एरवी मी एका भागानंतर लगेच दुसरा लावतो, पण या गोष्टीचा पुढचा भाग माझ्या हातात नव्हता.

संध्याकाळी दारात चपला वाजल्या. आधी ठकूबाई आल्या, मग चंदा आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बळीरामभाऊ, स्वतःच्या पायांनी चालत. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली होती आणि आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं सांगितलं होतं.

चंदा रडत होती. तिनं हेडफोन गुंडाळून कपाटात टाकले आणि मला टीव्हीमागून ओढून काढायला लागली. चिकटपट्टीचा एक कोपरा सुटलाही. माझे दिवस भरले, असं मी समजलो. तेव्हा बळीरामभाऊ म्हणाले, "त्याले कावून काढून राहिली? तो चूप झाला म्हणूनच तुमाले ऐकू आलं."

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत मोठं कौतुक. गंमत अशी की मी त्यात काहीच केलं नव्हतं. माझं फक्त नेट गेलं होतं.

काही दिवसांनी भाऊ पुन्हा रात्रपाळीला जाऊ लागले. आता ताटली रिकामी झाल्याशिवाय पडदा ओढला जात नसे आणि मधून मधून कुणीतरी डोकावून त्यांच्या कपाळाला हात लावून जाई. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा नियम ठकूबाईंनी स्वतःच मोडीत काढला. पण टीव्हीकडं त्या फिरकेनात. पडद्याजवळ पाट टाकून नुसत्या बसून राहायच्या, श्वाससुद्धा हळू घ्यायच्या. मला वाटलं, आता माझी जागा माळ्यावरच.

एका सकाळी आतून भाऊंचा आवाज आला. झोप येत नाही, म्हणाले. ठकूबाई घाबरून आत गेल्या, कपाळाला हात लावला, काय होतं म्हणून विचारलं.

"काही नाही होत," भाऊ म्हणाले. "ते तुही कुजबुज बंद झाली ना दिवाळीपासून, तवापासून झोपच येत नाही मले. टीव्ही लाव. आवाज बंद कर. अन् सांग, ते काय म्हणते त."

आता ठकूबाईंना कळलं. इतकी वर्षं त्या माणसाला जाग येऊ नये म्हणून त्या हळू बोलत होत्या आणि तो ते ऐकत ऐकतच झोपत होता. त्यांनी बाहेर येऊन मला सुरू केलं, आवाज बंद केला आणि चंदाला जवळ ओढलं. पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी हार घालत होतं. ठकूबाई कुजबुजू लागल्या, "हा म्हणते, लग्न करतो, पण पोहे खाल्ल्याशिवाय झोपणार नाही." चंदा डोळे पुसत पुसत हसली. थोड्या वेळानं आतून घोरणं ऐकू आलं.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. नवे कार्यक्रम माझ्या अंगाला झेपत नाहीत, हात लावाल तर चटका बसेल इतका तापतो. तरी कधीतरी माझ्यावरची धूळ झटका, उष्ण जागी कोंडू नका, एवढं मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. मला हवं तेवढं बघा, पण एक कान घराकडं मोकळा ठेवा. घरातला माणूस हाक मारताना नेहमी मोठ्यानंच मारतो असं नाही.

रात्रपाळीच्या आठवड्यात आजही ठकूबाई माझा आवाज बंद करतात, आणि मी जगभरातून आणलेले संवाद गिळून त्यांचे ऐकत बसतो. ते जास्त चांगले असतात.