ड्रमंडच्या खाली

"कोमटच आहे," अर्मा म्हणाली आणि तिने पाण्यातून कोपर काढलं. "बाळाला घालावं इतकं. आता तरी बुडव."

पीच सोलायच्या पांढऱ्या घमेल्यासमोर तिचा नवरा, लेस्टर पाव्लिक, आईच्या चिकटवहीतलं एक पान दोन्ही तळव्यांवर तोलून बसला होता. काचेच्या कारखान्यात उभं आयुष्य भट्टीसमोर काढलेले ते हात आज पाण्याला भीत होते.

पानावर वॉर्डनबर्गच्या बेसबॉल संघाची नऊ कार्डं होती. लेस्टर लहान असताना गावची बेकरी पावाच्या मेणकागदात एकेक खेळाडू घालत असे आणि घरोघरच्या बायका ती कार्डं पिठाच्या खळीने वहीत चिकटवत. संघाचा तारा होता क्ले हॉस्टेटर. जुगाऱ्यांचे पैसे घेऊन त्याने निर्णायक सामना घालवला, असं सिद्ध झालं. खेळातून त्याला कायमचं हाकललं गेलं. पुढच्याच आठवड्यात पावातून त्याच्या जागी आलेल्या वेन ड्रमंडचं कार्ड निघालं. बेकरीने सांगितलं, हा त्याच्यावर चिकटवा. घराघराने ते ऐकलं. गावाने आपला लाडका माणूस जाळला नाही. त्याला दुसऱ्याच्या पाठीखाली पुरलं.

वर्षांनी राग निवला, तेव्हा संग्राहक सुऱ्या घेऊन बसले. दर वेळी हॉस्टेटरचा चेहरा ड्रमंडच्या पाठीला चिकटून निघाला. अखंड चेहऱ्याचा हॉस्टेटर कुणीच पाहिला नव्हता. लेस्टरच्या वडिलांनी तर आपल्या घरातला आपल्या हाताने चुलीत टाकल्याचं मरेपर्यंत सांगितलं होतं, म्हणून या पानावर ड्रमंड एकटाच आहे, असं तो धरून चालला होता.

परवा केस कापता कापता ड्यूई न्हाव्याने लेस्टरने दाखवायला नेलेल्या या पानावरून अंगठा फिरवला. "तुझा ड्रमंड सुजलाय, लेस्टर," तो म्हणाला. "बाकीचे आठ सडपातळ नि हाच कसा अंगाने भरलाय?"

तोच ड्यूई आता दाराशी टोपी घालून उभा होता. कार्डाला पाणी दाखवायचं नाही, हा ड्यूईसारख्या साऱ्या संग्राहकांचा धर्म. आईच्या हातचं पान तू लगद्यात घालवणार, असं तो सकाळपासून बजावत होता.

"सुरीने काढला तर चेहरा जातो, हे तुम्हीच सिद्ध केलंत ना?" लेस्टर म्हणाला. मग त्याने पान पाण्यावर अलगद सोडलं.

कागद हळूहळू गडद झाला. लेस्टरला एक संध्याकाळ आठवत होती: मावळत्या सूर्यात, डोळ्यांवर हात न धरता, हॉस्टेटरने मागे धावत झेललेला चेंडू, आणि त्या क्षणी बाकावरून उठून मोठ्याने हसलेली आई. घरात ती आवाज न करता भांडी ठेवणारी बाई होती. तसं हसताना त्याने तिला पुन्हा पाहिलं नाही. त्याला कार्ड हवं होतं ते त्या हसण्याचा पुरावा म्हणून.

ड्रमंडचा कोपरा उचलला गेला. ओढ लागली नाही. तो पाण्यावर तरंगत बाजूला सरकला, आणि खाली चेहरा नव्हता; होता धुरकट, अर्धपारदर्शक चौकोन.

"गेला," ड्यूई पुटपुटला.

"थांब. हा कागद आहे," अर्मा म्हणाली.

पावाचा मेणकागद. चेहऱ्याच्या चौकटीइतकाच, कात्रीने बेतून कापलेला. खळ फक्त भोवतीच्या पांढऱ्या कडेला. लेस्टरने तो नखाने उचलला. खाली क्ले हॉस्टेटर कोरडा होता, गालांवर छापखान्याची लाली तशीच, डोळे उन्हाला न दिपलेले.

नवऱ्याने चुलीत काय टाकलं हे लेस्टरच्या आईलाच ठाऊक. बेकरीचं तिने ऐकलं, गावाचं ऐकलं, आणि दोन्ही कार्डांच्या मधे एक कागद ठेवला.

ड्यूईने टोपी काढली. "म्हातारीने आम्हा सगळ्यांना खेळवलं रे," तो म्हणाला, आणि टोपी हातातच विसरून पायऱ्या उतरला. रस्त्याच्या टोकापर्यंत दारोदार थांबून तो सांगत गेला, की हॉस्टेटर परत आलाय, पाव्लिकांच्या स्वयंपाकघरात आहे, या आणि बघा. खिडकीतून माणसं येताना दिसू लागली; काहींनी जुन्या संघाच्या टोप्या चढवल्या होत्या.

"टेबल आवर, लोक आले," अर्मा म्हणाली.

लेस्टरने दोन्ही कार्डं टॉवेलवर शेजारी शेजारी निजवली. मग तो मेणकागदाचा तुकडा घेऊन खिडकीपाशी गेला आणि पडद्याच्या दोरीला कपड्याच्या चिमट्याने लावला. त्याच्या एका कडेला कात्री थोडी चुकली होती आणि तिथे ती पुन्हा, जपून, फिरवलेली दिसत होती. दुपारचं ऊन त्यातून आत येत होतं.