पेजेने चिकटवलेलं पान

"आत्ये, हात लावू नको! कोकमान भरलेले हात तुझे!"

"मेल्या, तुझ्या बापाशीक ह्याच्यारच वाचूक शिकवलंय मीया. आणि तू माकाच सांगतंस?"

हे भांडण माझ्यावरून चाललंय, मित्रांनो. मी एक जुना कॉमिकचा अंक आहे. ओरडतोय तो निलेश. वेंगुर्ल्याहून आलाय, पांढरे हातमोजे घालून, जसं काय माझं ऑपरेशनच करणार आहे. कोकम फोडत बसलीय ती त्याची आते, नर्मदा. इतकी वर्षं मी तिच्याच ट्रंकेत होतो.

आता म्हणे मी परदेशात जाणार. तिथे कोणीतरी भिंग लावून माझे कोपरे, कणा, पिना तपासणार, दहापैकी नंबर देणार आणि कडक प्लास्टिकात कायमचं बंद करून टाकणार. त्या नंबरसाठी निलेश मरतोय. माझ्या पिनांना गंज किती, ते तो झोपेतही सांगेल. माझ्यातल्या गोष्टीतला चोर कोण, ते विचारा. थोबाड बघा मग त्याचं!

याच्या बापाला, दत्तारामला, शाळेत अक्षर लागत नव्हतं. नर्मदेनं एसटी स्टँडवरून मला आणलं आणि माझ्यावर बोट फिरवत धाकट्या भावाला वाचायला शिकवलं. पुढे तो ट्रॉलरवर गेला, मलाही घेऊन गेला. बांगड्याच्या वासात सगळ्या खलाशांनी मला वाचलं. त्याला म्हणतात इज्जत. परत आलो तेव्हा माझं शेवटचं पान समुद्रात गेलेलं. दत्ताराम रडवेला झाला. मग नर्मदेनं वहीच्या कागदावर स्वतःच शेवट काढला आणि भाताच्या पेजेनं चिकटवला. तिच्या शेवटात चोर किनाऱ्यावरच्या रापणीच्या जाळ्यात अडकतो, बांगड्यांसकट, आणि जाळं ओढणारा असतो दत्ताराम. छापलेल्या शेवटापेक्षा भारी!

दत्ताराम आता नाही.

"शेवटचा पान एकदाच बघूक दी रे," नर्मदा म्हणाली.

"उघडलंय तर कणो मोडतलो. नंबर उतरतलो."

"मगे तू वाचतलंस कधी?"

"ह्या वाचूचा नाय गो, जपूचा!"

जपूचा म्हणे! मुडद्यासारखा?

तो टेप आणायला स्कूटरकडे गेला. नर्मदेनं हात पुसलेसुद्धा नाहीत. मला सरळ मांडीवर उघडलं. कणा कडकडला. काय बरं वाटलं! "ओढ रे दत्या, ओढ!" ती मोठ्यानं वाचत होती, हसत होती, नाक ओढत होती. चित्रातल्या दत्तारामशेजारी तिच्या अंगठ्याचा लालभडक ठसा उमटला. मग तिनं मला होतं तसं ठेवून दिलं.

निलेश आला. न उघडताच मला पिशवीत घातलं, वर टेप मारली. वा रे जपणारा! आता भिंगवालाच पहिला बघेल काय ते.

मित्रांनो, पुस्तकावर धूळ बसली तर पुसा, फाटलं तर पेजेनं चिकटवा. पण आधी उघडा रे! नाहीतर तुमच्यात आणि वाळवीत फरक काय? वाळवी निदान आत तरी जाते.

स्कूटर सुरू झाली. नर्मदा दारापुढच्या खळ्यातून ओरडतेय, "निल्या, शेवटच्या पानार तुझो बापूस आसा रे!"

याच्या कानावर हेल्मेट. चला, मला निघायला हवं.