लाल दिव्याचं बटण

इस्पितळात सगळे तिला पाठीमागे घड्याळबाई म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. दर्जा विभागाची प्रमुख म्हणून ती कशाला घड्याळ लावील याचा नेम नसे. त्यातही तिचं लाडकं मोजमाप म्हणजे घंटा. पेशंटने उशाजवळची घंटा दाबली की लाल दिवा लागायचा, नर्सने दिवा विझवला की मधला वेळ आपोआप नोंदला जायचा, आणि त्यावर प्रत्येक वॉर्डाला गुण मिळायचे. जिन्याजवळच्या फळ्यावर गेले काही महिने हाडांचा वॉर्ड कायम पहिला असे. त्या फळ्यासमोरून जाताना घड्याळबाईची मान जरा जास्तच ताठ व्हायची.

म्हणूनच सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या, तेव्हा नवरा हवालदिल झाला तरी ही ठाम होती.

"काळजी कशाला करतोस? आईंना आमच्या पहिल्या नंबरच्या वॉर्डात ठेवू."

ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर येताच सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. चहा पाणचट, उशी दगडासारखी, डॉक्टर तर अजून मिसरूड न फुटलेला. घड्याळबाई मनातून खूश झाली, कारण सासूबाई नावं ठेवायला लागल्या म्हणजे तब्येत उत्तम.

आणि मग एका दुपारी ती वॉर्डात गेली, तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेल्या.

"आई, काय झालं? दुखतंय का?"

"काही नाही. तू जा तुझ्या कामाला."

त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. जवळ गेल्यावर वास आला आणि घड्याळबाईला सगळं कळलं.

"अहो, पण घंटा नाही का वाजवलीत?"

"वाजवली ना. दिवा लागला, विझला. म्हटलं, येतंय कुणीतरी. पुन्हा वाजवली, पुन्हा विझला. तुझी घंटा अगदी माझ्या मुलासारखी आहे गं. लगेच 'हो, आलोच' म्हणते, आणि मग पत्ता नाही." बोलल्या गमतीने. मग त्यांनी सुनेचं मनगट घट्ट धरलं. "त्याला सांगू नकोस हं. कुणालाच सांगू नकोस. शब्द दे मला."

तिने शब्द दिला. पडदा ओढून तिने स्वतः त्यांना पुसलं, कपडे बदलले, चादर बदलली. इतक्या वर्षांच्या संसारात सासूबाईंनी तिच्यापुढे कधी मान खाली घातली नव्हती. आज घातलेली तिला बघवेना.

तिथून ती तडक नर्सच्या टेबलाशी गेली आणि मुख्य सिस्टरवर तुटून पडली. लाज कशी वाटत नाही, पेशंट काय माणसं नाहीत, वगैरे वगैरे. ती बोलत असतानाच कुठली तरी घंटा वाजली. सिस्टरने तिच्याकडे बघतच हात लांब केला, टेबलावरचं एक बटण दाबलं, आणि वॉर्डाच्या टोकाचा लाल दिवा विझला.

घड्याळबाई बोलायचीच थांबली. "हे काय केलंत?"

"वेळ थांबवला," सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, थकवा होता. "मॅडम, तुम्ही दिवा मोजता, म्हणून आम्ही दिवा विझवतो. दोघी आहोत आम्ही, त्यातली एक कायम ड्रेसिंगमध्ये. मदतीच्या मावशींना ऑफिसवाले दिवसभर फायली न्यायला-आणायला पिटाळतात. गेल्या वर्षी आम्ही पेशंटकडे जाऊन आल्यावरच बटण दाबायचो, आकडे खरे यायचे. तेव्हा भर मीटिंगमध्ये मला उभं कुणी केलं होतं?"

घड्याळबाईचा चेहरा खर्रकन उतरला. उभं तिनेच केलं होतं. 'बाकीच्यांना जमतं, तुम्हालाच कसं जमत नाही?' हे आपलंच वाक्य तिला आठवलं, आणि कुठे तोंड लपवावं असं झालं.

बटणाचं हे इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घातलं, तर त्यांनी हात झटकले. "बाहेरची समिती पुढच्या आठवड्यात पाहणीला येतेय. दर्जाचा दाखला मिळू दे, मग काय ते बघू. आत्ता आकडे कोसळले, तर तुमची खुर्ची मला वाचवता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नोकरी तिलाही हवीच होती. तोंड मिटून आठवडा काढावा, असं स्वतःला समजावतच ती सासूबाईंकडे गेली. पाण्याचा ग्लास सकाळी ठेवला तसाच होता.

"पाणी नाही प्यायलात?"

"नको गं. प्यायलं की मग जावं लागतं."

ओठ सुकून त्यावर पापुद्रे आले होते. घड्याळबाईने त्या ग्लासाकडे क्षणभर पाहिलं आणि तशीच जाऊन वायरमनला बोलावून आणलं. टेबलावरची बटणं काढून टाकली आणि दिवा विझवायचं बटण प्रत्येक खाटेच्या उशाशी बसवून घेतलं. आता दिवा विझवायचा तर माणसापर्यंत चालत जाणं भाग होतं.

फळ्यावर हाडांचा वॉर्ड पहिल्या नंबरावरून जो घसरला, तो थेट तळाला. नर्सेस तिच्याकडे बघेनाशा झाल्या. पण ती वॉर्डातच ठाण मांडून बसली आणि प्रत्येक घंटा कशासाठी वाजली ते सिस्टरबरोबर जाऊन विचारू लागली. पाण्याचा ग्लास हाताला येत नाही. लघवी लागलीय. कूस बदलायचीय. सलाईन संपत आलंय.

"यातलं निम्मं आपणच आधी जाऊन विचारलं, तर घंटा वाजायचीच नाही," सिस्टर म्हणाली.

"मग विचारू या की."

"कुणी? मावशी आहेत कुठे?"

मावशींना फायलींच्या तावडीतून सोडवायला घड्याळबाई ऑफिसशी कडाकडा भांडली, आणि त्यांना घेऊनच परतली. मग फेऱ्या सुरू झाल्या. पाणी देऊ? बाथरूमला जायचंय? कूस बदलू? घंटा कमी झाल्या, जी वाजेल तिच्यापाशी कुणीतरी लवकर पोचू लागलं. वॉर्ड तळातून एक पायरी वर आला. सिस्टर तिच्याशी हसून बोलली, तो दिवस तिला सणासारखा वाटला. चहा मात्र अजून पाणचटच आहे, असं सासूबाईंनी कळवलं.

समिती आली ती अशा बेताला. समितीच्या प्रमुख बाई फळा बघून आल्या आणि सासूबाईंच्या खाटेपाशीच थांबल्या. मुलगा आईला भेटायला आला होता, तो उठून उभा राहिला.

"गेल्या आठवड्यात पहिला असलेला वॉर्ड एकदम शेवटून दुसरा? असं काय झालं?"

मोठे डॉक्टर छताकडे बघू लागले.

"दिवा विझवायचं बटण आम्ही टेबलावरून उशाशी आणलं," घड्याळबाई म्हणाली.

"इतक्या घाईने? कुणाची तक्रार होती का?"

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द दिलेला होता. नवरा समोर उभा होता. प्रमुख बाई पेन उघडून वाट बघत होत्या, आणि आपली नोकरी आता गेलीच असं तिला वाटलं.

"तक्रार माझी होती," सासूबाई म्हणाल्या.

सगळे वळले. त्या उशीला टेकून ताठ बसल्या होत्या.

"घंटा वाजवून वाजवून शेवटी मी अंथरुणात केली. तेव्हा हा वॉर्ड पहिला होता. आता शेवटून दुसरा आहे, आणि मी कोरडी आहे. लिहा काय लिहायचं ते."

मग प्रमुख बाईंनी स्वतःच हात पुढे करून घंटा दाबली. लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला. घड्याळबाईने आयुष्यात पहिल्यांदाच घड्याळाकडे पाहिलं नाही. अखेर वॉर्डाच्या टोकाकडून सिस्टर हात पुसत लगबगीने आली, साहेबलोकांकडे न बघता खाटेवर वाकली.

"काय हवंय आजी?"

"मला काही नको बाई. यांना हवं होतं."

प्रमुख बाई हसल्या. दाखला त्यांनी दिला नाही, सहा महिन्यांनी पुन्हा येऊ म्हणाल्या. पण इस्पितळातली सगळीच बटणं उशाशी न्या, असं लिहून गेल्या, आणि ते काम घड्याळबाईनेच करावं असंही. मोठे डॉक्टर 'माझंही हेच मत होतं' म्हणाले.

सगळे गेल्यावर मुलगा आईच्या पायाशी मान खाली घालून बसला. सुनेच्या डोळ्यांना धार लागली होती.

"आई, मी कुणाला सांगितलं नव्हतं हो."

"माहितेय मला. म्हणून तर मी सांगितलं." सासूबाईंनी तिचा हात थोपटला आणि मुलाकडे वळल्या. "पाणी दे रे जरा."

"हो, देतोच," म्हणता म्हणता तो उठलाच. सासूबाईंनी अख्खा ग्लास रिकामा केला आणि आणखी मागितलं.