डॉक्टरांच्या किल्ल्या

मेलबर्नच्या त्या प्रयोगशाळेत उंदरांच्या खोलीवर नोरीन टकनं पाटी लावली होती : किल्ल्या बाहेर ठेवा. या जातीच्या उंदरांना किल्ल्या खुळखुळल्या तरी फिट येते. पण पाट्या वाचतील ते मोठे डॉक्टर कसले!

फिटचं नवं औषध दोनदा फसलं होतं. आज फसलं तर कायमचं बाद. "बाटली हलवत नाही तुम्ही, औषध तळाशीच बसतं," नोरीन घसा फोडून सांगत होती. पिंजरे धुणारीचं कोण ऐकतो? आज तिनं स्वतः दोन्ही बाटल्या खसाखसा हलवल्या. एकीतलं शेपटीला लाल रंग लावलेल्या उंदरांना टोचलं, दुसरीतलं निळ्या शेपटीवाल्यांना. एकीत औषध, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी; कशात काय, ते बंद पाकिटात.

डॉक्टर ब्रॅनिगन तरातरा आत आले. "आटप नोरीन, फेकून दे ते—" आणि त्यांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा फरशीवर आदळला.

लाल शेपटीवाले सहाही सैरावैरा पळाले, आडवे होऊन झटके देऊ लागले. निळे सहा मजेत बिया कुरतडत राहिले.

लाल मंडळी उठून मिशा पुसू लागली, तेव्हा डॉक्टरांनी पाकीट फाडलं. "औषध... निळ्यांना."

"आता किल्ल्या उचला," नोरीन खदखदून हसली, "आणि जाताना पाटी वाचा."