पान शहाण्णवच्या पुढे

"काय नाना, वहिनींचं पुस्तक आलं म्हणे! आमची कॉपी कुठाय?"

नानांच्या ऑफिसात रोज कुणी ना कुणी टेबलाशी येऊन हे विचारायचंच, आणि विचारताना चेहऱ्यावर संकोचाचा लवलेश नसायचा. ओळखीच्या बाईनं पुस्तक लिहिलं म्हणजे ते आपल्याला फुकट मिळणार, हे जणू कुठेतरी ठरूनच गेलेलं होतं. नानाही हात आखडता घेणाऱ्यातले नव्हते. ते पिशवीतून प्रत काढायचे आणि बायकोनं आधीच सही करून ठेवलेल्या पानावर 'सप्रेम भेट' लिहायचे. "घ्या हो, घरचंच आहे!"

नाना पाणीपुरवठा खात्यात नकाशे विभागाचे प्रमुख होते. त्यांची बायको मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात देखरेखीचं काम करून निवृत्त झाली होती. चादरी, गाऊन आणि ऑपरेशनच्या हिरव्या कापडांच्या ढिगांत तिचं निम्मं आयुष्य गेलं. त्या वाफेच्या खोल्यांतल्या बायकांवर तिनं कादंबरी लिहिली. ती तिनं प्रकाशकांकडे पाठवली. काहींनी उत्तरच दिलं नाही. एकानं वर्षभर ठेवून घेऊन 'विषय वाचकांना रुचणार नाही' असं कळवलं. शेवटी तिनं निवृत्तीच्या पैशातून स्वतःच पुस्तक छापायचं ठरवलं. कागद तिनं निवडला, मुखपृष्ठावरून चित्रकाराशी वाद तिनं घातला, मुद्रितं डोळे दुखेपर्यंत तिनंच तपासली. खोके वर चढवायला मात्र नाना होते. जिन्यात शेजारी भेटले की मुद्दाम खोका खाली ठेवून सांगायचे, "हिचं पुस्तक!"

एवढा अभिमान असलेला हा माणूस स्वतः मात्र बाराव्या पानावर थांबला होता. वाचू की, घरातच तर आहे, पळून थोडंच जातंय! एकदा जेवताना बायकोनं हळूच विचारलं, "अहो, कसं वाटलं?" नानांचा घास हातातच राहिला. "अगं, एका बैठकीत संपवलं!" ती इतकी मनापासून हसली, की नंतर तो शब्द मागे घ्यायची सोयच उरली नाही.

आणि सगळे तेच म्हणत होते. 'अप्रतिम', 'डोळ्यांत पाणी आलं', 'शेवट तर काय जबरदस्त!' नणंद म्हणाली, दीर म्हणाला, नानांच्या ऑफिसातला हेडक्लार्क तर दोनदा म्हणाला. त्या कौतुकाच्या बळावर तिनं दुसरी कादंबरी झपाट्यानं लिहून काढली. सोमवारी ती छापखान्यात द्यायची होती. हस्तलिखिताची फाईल टेबलावर तयार होती.

आदल्या दिवशी, रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत आलेल्या एक बाई उभ्या होत्या. काखेत पुस्तक होतं.

"लेखिका इथंच राहतात ना? पुस्तकावर पत्ता आहे. मी कोर्टात टंकलेखिका होते. हे पुस्तक मी प्रदर्शनातून विकत घेतलंय, आणि माझी तक्रार आहे."

नानांनी घाईघाईनं खुर्ची पुढे केली. बायको पदराला हात पुसत आतून आली.

"शहाण्णव पानापर्यंत सगळं नीट आहे," टंकलेखिकाबाई बसत म्हणाल्या. "पुढे परत एक्याऐंशीपासून तीच सोळा पानं छापलीत, आणि मग एकदम एकशे तेरा! शहाण्णव पानावर ती पोरगी चांगली बॉयलरपाशी उभी आहे, आणि एकशे तेराला तिच्या हाताला बँडेज, मैत्रीण गेलेली, गावही दुसरं! मधे काय झालं? मला दोन दिवस चैन नाही हो!"

बायकोनं पुस्तक हातात घेतलं. पानं उलटली. मग तिनं खाटेखालच्या खोक्यातून एक प्रत काढली, दुसरी काढली, तिसरी काढली. प्रत्येकात तेच. बांधणीच्या वेळी सोळा पानांचा एक गठ्ठा दोनदा लागला होता आणि पुढचा राहूनच गेला होता. छापखान्यानं आधी दाखवलेली नमुना प्रत बिनचूक होती, म्हणून तिनं नंतर आतलं उघडून पाहिलंच नव्हतं. शिवाय छापलेल्या पुस्तकात आपलीच चूक दिसेल, ही भीती होतीच.

"माफ करा," ती कशीबशी म्हणाली. "मधली पानं देते तुम्हाला."

तिनं जुन्या मुद्रितांतून ती सोळा पानं शोधून दिली. टंकलेखिकाबाईंनी चष्मा बदलला आणि तिथंच, खिडकीपाशी, वाचायला सुरुवात केली. नानांनी आणलेला चहा तसाच निवत राहिला. एका जागी त्या खुदकन हसल्या. पुढे एका पानावर बराच वेळ थांबल्या, ते पान उलटून पुन्हा मागे आल्या आणि चष्मा काढून डोळे टिपले. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. आपलं लिहिलेलं कुणी वाचताना तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं! नानांना तिच्याकडे बघवेना.

"गेली बिचारी," पानं खाली ठेवत टंकलेखिकाबाई म्हणाल्या. "आणि दार बाहेरून बंद होतं हे कुणी सांगितलंच नाही. फार चांगलं लिहिलंय. मात्र एक सांगते, राग मानू नका. त्या मामाचं लग्नाचं प्रकरण लांबलंय. मी तिथं दोनदा पेंगले."

"राग कसला?" बायकोचा आवाज चिरकला. "पण आम्ही दोनशेच्या वर प्रती वाटल्या. भेट म्हणून. हे कुणीच कसं नाही सांगितलं?"

टंकलेखिकाबाईंनी चष्मा डबीत घातला, आणि त्या म्हणाल्या, "ते तुम्हाला कळलंय, बाई. माझ्याकडून कशाला वदवून घेता?"

"लोक कामात असतात हो," नाना मधेच म्हणाले. "प्रत्येकाला वेळ होतोच असं नाही."

"नसेल वेळ, तर तसं सांगावं! त्यात कसला अपमान? 'अजून वाचलं नाही' हे खरं बोलणं आहे. न वाचता 'वा वा' म्हणणं म्हणजे त्या माणसाला रिकामं ताट वाढून 'पोटभर जेवा' म्हणणं. मोठ्या प्रकाशकाच्या पुस्तकामागे जाहिरात असते, दुकानं असतात. यांच्यासारख्या एकट्यानं पुस्तक काढणाऱ्या माणसामागे कोण असतं? आपण! ओळखीचे, शेजारचे, घरचे. आणि आपणच फुकट मागून घेतो, कपाटात ठेवतो आणि वर खोटं बोलतो. मग ते माणूस आपल्या चुका कुणाकडून शिकणार?"

काठी उचलून त्या उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "दुसरं पुस्तक आलं की कळवा. मी विकत घेईन."

दार बंद झालं. बायको टेबलापाशी गेली. फाईलवर हात ठेवून तिनं नानांकडे पाहिलं.

"तुम्ही एका बैठकीत संपवलं होतंत ना?"

छापखान्याची चूक ध्यानात आली नाही, घाईत होतो, प्रत वेगळी असेल... नानांच्या तोंडाशी आलेली एकही सबब बाहेर पडेना.

"नाही वाचलं," ते म्हणाले. "बारा पानं वाचली होती."

ती रडली नाही. रडली असती तर नानांना सोपं गेलं असतं. तिनं फोन उचलला आणि छापखान्याला सांगितलं, "उद्याचं काम राहू द्या. नाही, नंतरही नको." फाईल तिनं उचलून कपाटाच्या वर टाकली, जिथं जुन्या उशा ठेवल्या होत्या तिथं. मग कपडे धुवायला लागली. मशीन असताना हातानं.

नाना सोमवारी ऑफिसात गेले. हेडक्लार्क नेहमीसारखा टेबलाशी आला. नानांनी विचारलं, "कादंबरीतली ती मैत्रीण कशानं मेली हो?"

"मैत्रीण? हां, ती... फार करुण! वहिनींनी काय रंगवलंय!"

"तुमच्या प्रतीत ती पानंच नाहीत."

हेडक्लार्कचा चेहरा खर्रकन उतरला. आजूबाजूच्या टेबलांवरून माना वळल्या. एखाद्याला कात्रीत पकडायची ही चांगली संधी होती, पण नानांना तो हक्कच उरला नव्हता.

"लाजू नका," ते म्हणाले. "मी नवरा असून वाचलं नव्हतं. ती घरात बसून लिहीत होती आणि मी तुम्हाला प्रती वाटून मोठेपणा मिरवत होतो. तिचे कष्ट मी फुकटात उधळले! यापुढे भेट नाही. ज्याला वाचायचंय त्यानं विकत घ्यावं, आणि वाचल्यावर जे वाटलं ते तिला सांगावं. वाईट वाटलं असेल तर वाईट."

त्या दिवशी सगळे आपापल्या फायलींत डोकं घालून बसले. एक-दोघांनी मात्र दुसऱ्या दिवशी ती राहिलेली सोळा पानं मागून घेतली, आणि हेडक्लार्क त्यांतला एक होता.

त्या आठवड्यात नाना ऑफिसातून आले की गॅलरीत बसून तेच पुस्तक, मधली पानं घालून, वाचायचे. बायको बघायची, पण विचारायची नाही. एकदा विचारून ती पोळली होती. एरवी नकाशावरच्या नळाच्या रेषा तपासायचे त्याच चिकाटीनं नाना वाचत होते, आणि वाचता वाचता त्यांना नवल वाटत होतं. या वाफेच्या खोलीतून ही बाई रोज संध्याकाळी घरी यायची, आणि आपण विचारायचो, "जेवायला काय आहे?"

शनिवारी दुपारी पुस्तक संपलं. नाना स्वयंपाकघरात आले.

"मला काही विचारायचंय."

"विचारा."

"ती बुटकी मुकादमीण. तिसऱ्या प्रकरणात तिचा मुलगा घर सोडून जातो. ती त्याच्यासाठी दार उघडं ठेवते, इतकं छान लिहिलंयस, आणि पुढे त्याचं नावच नाही! तो आला की नाही? हे मला पटलं नाही. असं अर्धवट सोडून कसं चालेल?"

बायकोच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला. मग तिच्या कपाळाला आठी पडली, विचाराची.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "खरंच की. तो राहूनच गेला!"

आणि ती हसली. 'एका बैठकीत' या शब्दांना हसली होती त्याहून किती वेगळं! डोळ्यांत पाणी होतं, पण नानांना पहिल्यांदाच त्या हसण्याची लाज वाटली नाही.

"मामाचं लग्नही लांबलंय बरं का," नाना म्हणाले. "त्या बाई बरोबर बोलल्या."

"झालं! आता सगळेच टीकाकार!" तिनं पातेलं खाली ठेवलं. "ते स्टूल आणा इकडे. कपाटावरची फाईल काढून द्या. दुसऱ्या पुस्तकातही असाच कुणी राहून गेलाय का, बघायला हवं. आणि छापायच्या आधी वाचायचं तुम्ही. बारा पानं नाही, सगळं!"

नानांनी स्टूल आणलं.

वाचकहो, तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल, ज्यानं पदरमोड करून एकट्यानं पुस्तक काढलंय. त्याच्याकडे फुकट प्रत मागू नका, आणि मिळालीच तर न वाचता तिचं कौतुक करू नका. पुस्तक विकत घ्या, ते वाचा, आणि जे वाटलं ते तोंडावर सांगा. लिहिणाऱ्याला आपल्या टाळ्यांवाचून जगता येतं. त्याला हवा असतो तो शहाण्णव पानाच्या पुढे काय झालं, हे विचारायला दारात येणारा एक माणूस!